गळ्यातले कार्ड आणि विक्रीला निघालेली जर्सी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सामना संपला की खेळाडू मिक्स झोनमधून, म्हणजे पत्रकारांना खेळाडूंशी बोलता येते त्या वाटेने, बसकडे निघतात. पत्रकाराचे दोन-तीन प्रश्न होतात, रेकॉर्डर बंद होतो आणि त्याच हातातून जर्सी अन् काळा मार्कर पुढे येतो. ‘पोरासाठी एक सही.’ उद्याची बातमी हाच माणूस लिहिणार, हे ठाऊक असल्याने खेळाडूला नाही म्हणणे जड जाते. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमच्या गॅलरीत तिकीट काढून बसलेल्या पोराला त्या वाटेवर पाऊलही ठेवता येत नाही. ती सही मिळते ती गळ्यातल्या पत्रकाराच्या कार्डामुळे, आणि कार्ड दिलेले असते बातमीसाठी.

सही कशासाठी हवी, हे ओळखायला अवघड नाही. खरा चाहता म्हणतो, ‘माझे नाव घाला.’ विकणारा नाव घालू देत नाही, कारण ‘अमक्यास सप्रेम’ लिहिले की गिऱ्हाईक कमी होते. म्हणून क्लबांनी खेळाडूंना एवढेच सांगावे: पत्रकाराने सही मागितलीच, तर नाव विचारून तेही लिहायचे. निम्मा व्यवहार तिथेच थंडावेल.

जर्सीचा भाव ठरतो कसा, तेही पाहावे. दुकानातली प्रतिकृती, खेळाडूसाठी नाव-क्रमांक छापून ठेवलेली पण न वापरलेली, आणि प्रत्यक्ष सामन्यात घातलेली, असे तीन प्रकार. शेवटच्या दोन लांबून सारख्याच दिसतात. फरक सिद्ध होतो तो छायाचित्रांवरून. क्रमांक गरम दाबाने चिकटवताना किती तिरका बसला, बाहीवरचा लीगचा बिल्ला शिवणीपासून किती अंतरावर आहे, कुठे धागा ओढला गेला, हे मोठ्या आकाराच्या फोटोशी ताडून पाहतात. धुतल्यावर मातीचा डाग जातो. तिरका क्रमांक आणि ओढलेला धागा राहतो. आता हे फोटो कोणाकडे असतात? वृत्तपत्राच्याच छायाचित्रकाराकडे. म्हणजे माल, मालाचा दाखला आणि मालाची जाहिरात एकाच कचेरीत!

22 ऑक्टोबर 2025 रोजी रोनाल्डोचा सौदी क्लब अल नासर फातोर्ड्यात एफसी गोवाविरुद्ध खेळला. रोनाल्डो आलाच नाही, पण एफसी गोवाच्या ब्रायसन फर्नांडिसने त्यांच्यावर गोल केला. समजा, त्या रात्रीची त्याची जर्सी एखाद्या बातमीदाराच्या कपाटात असती. त्याने ब्रायसनवर लिहिलेला प्रत्येक स्तुतीचा परिच्छेद कपाटातल्या कापडाचा भाव वाढवणारा ठरला असता. शेअर बाळगून त्याच कंपनीवर लिहिण्यापेक्षा हे वेगळे कसे? आर्थिक पत्रकारांनी भेटवस्तू, सहली, सवलती, प्राधान्याचे शेअर घेऊ नयेत, असे प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिले आहे. क्रीडा पानालाही तोच नियम शब्द न बदलता लावता येईल.

मागून घेणे आणि उचलून नेणे यातली रेघ किती पुसट असते, हे 2017 मध्ये ह्यूस्टनला दिसले. सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतर टॉम ब्रॅडी या खेळाडूची जर्सी ड्रेसिंग रूममधून नाहीशी झाली. पोलिसांच्या नोंदीत तिची किंमत 5 लाख डॉलर होती. ती सापडली मेक्सिकोतल्या एका वृत्तपत्राच्या तत्कालीन संचालकाकडे, आणि सोबत ब्रॅडीची 2015 च्या सुपर बोलची जर्सीही. आत शिरायला त्याला पत्रकाराचे कार्ड पुरले.

आपल्याकडे गोव्यात नोव्हेंबर 2025 मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक झाला. डाव संपल्यावर चालींच्या नोंदपत्रिकेवर दोघाही खेळाडूंच्या सह्या असतात, म्हणजे एका कागदावर दोन स्वाक्षऱ्या. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनुसार ती पत्रिका आयोजकांच्या मालकीची. पटावरून ‘आठवण म्हणून’ उचललेला कागद हा दुसऱ्याचा माल आहे, हे पहिल्यांदा वार्तांकनाला जाणाऱ्याला संपादकांनी सांगून पाठवावे.

गावच्या स्पर्धेतली टोपी, प्रायोजकाचा टी-शर्ट, शाल-श्रीफळ यांवरून कोणी रान उठवू नये. संघांची यादी, सामन्याची पुस्तिका ही तर कामाचीच कागदपत्रे. आणि कॉलमच्या हिशोबाने पैसे मिळणाऱ्या तालुका बातमीदाराला नीतीचे धडे देण्याआधी त्याचे मानधन वेळेवर द्यावे, हेही खरे.

पण क्रीडा विभागात एक साधी वही हवी: तारीख, वस्तू, कोणी दिली, पुढे कुठे गेली. परत करणे अवघडल्यासारखे असेल तर वस्तू क्लबच्या कनिष्ठ संघासाठी जाहीर लिलावात द्यावी आणि रक्कम छापावी. कंत्राटी छायाचित्रकारही त्याच वहीत यावेत. बहुतेक पळवाट तिथेच असते. आयोजकांनी बिब, म्हणजे छायाचित्रकारांनी मैदानावर घालायचे बिनबाह्यांचे जाकीट, क्रमांक घालून, त्यांचे ओळखपत्र ठेवून घेऊन द्यावे आणि बिब परत आल्याशिवाय ओळखपत्र सोडू नये. कार्डाच्या मागे ‘सही मागणे व वस्तू विकणे मना’ अशी एक ओळ छापावी. तसे आढळले तर पुढच्या सामन्याचे कार्ड नाही.

राहता राहिला निवृत्त पत्रकारांचा प्रश्न. 1983 मध्ये गोव्याने बंगालसोबत संतोष चषक ही राज्यांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा संयुक्तपणे जिंकली, त्या काळातल्या जर्सी आणि पेनंट (संघाची छोटी निशाणे) काही घरांत अजून पेटीत असतील. वस्तू कार्डामुळे आली असेल, तर विकण्याआधी तो खेळाडू किंवा त्याच्या घरच्यांना एक फोन करावा. त्यांना ती परत हवी असेल, तर भाव न सांगता द्यावी.

आपले,
काही क्रीडाप्रेमी वाचक, मडगाव