सैनिकाचा सन्मान घरापासून

महोदय,

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो, आपण निधीला हातभार लावतो आणि तेवढ्यावर कर्तव्य आटोपले असे मानतो. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणून त्यांचे नाव टिकले; परंतु कोकणातून पलटणीत किंवा नौदलात गेलेल्या कित्येकांची सेवापुस्तके, पदके आणि पत्रे माळ्यावरच्या ट्रंकेत आपल्या दमट हवेने बुरसटत आहेत. आमच्या घरीही आजोबांच्या पत्रांचे तेच झाले, आणि तो दोष सर्वस्वी आमचाच.

गणपतीला चाकरमानी गावी येतात, तेव्हा आरतीनंतर तासभर काढून घरातील माजी सैनिकाला बोलते करावे, त्याचे कथन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, त्याचा सेवा क्रमांक, पलटण व नेमणुकीची ठिकाणे वहीत उतरवावीत आणि कागदपत्रांची छायाचित्रे काढून भावंडांकडे एकेक प्रत ठेवावी. हुतात्म्याच्या स्मृतिदिनी तसबिरीला हार घालावाच, पण त्या दिवशी मुलांना त्याचे एखादे पत्रही वाचून दाखवावे.

वीरपत्नींचा सन्मान मात्र वर्षभर चालणारा असावा. निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला आता संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या निवृत्तिवेतन प्रणालीवर ऑनलाइन देता येतो, तो शिकल्यासवरल्या नातवंडांनी वेळेवर भरून द्यावा. अडचण आल्यास आजीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकटीने एसटीने न पाठवता सोबत जावे.

– एक वाचक, दापोली (जि. रत्नागिरी)