तलवार वाकली त्याची गोष्ट

बेळगाव
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू हसलास. "पंचेचाळिशीत माणसं गुडघ्याला तेल लावतात, आणि तू तलवार घेतलीस?" असं म्हणालास आणि तेवढ्यात तुझी बस आली. राहिलेलं आता लिहून कळवतो. तेलही लावतोच, दोन्ही चालू आहे.

आपण सातवीत असताना शाळेच्या मैदानावर कराटेला जायचो, आठवतं का? पोट घट्ट आहे की नाही बघायला सर पोटावर उभे राहिले त्या दिवशी तू सोडलंस. मी पिवळ्या पट्ट्यापर्यंत टिकलो. दोन वर्षांपूर्वी लेकाला सोडायला म्हणून टिळकवाडीतल्या एका क्लबात गेलो. लेक दोन महिन्यांत क्रिकेटकडे पळाला आणि मी तिथेच राहिलो. कराटेची पोरं घरी गेल्यावर रात्री आठनंतर तिथले सर सहा-सात जणांना जपानी तलवार शिकवतात. एक बँकेतला, एक कानडी शाळेतले मास्तर, इंजिनिअरिंगची दोन पोरं, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार, आणि मी.

तुला गंमत वाटेल. आपल्या गावात दुकानाची पाटी कुठल्या भाषेत यावरून दगड उचलले जातात. तिथे सगळे हुकूम जपानीत, मोजणीसुद्धा इची, नी, सान. त्यामुळे मराठी-कानडी दोघांनाही तक्रारीला जागा नाही. गेल्या १ नोव्हेंबरला, म्हणजे त्यांच्या राज्योत्सवाला आणि आपल्या काळ्या दिवसाला, एक जण दंडाला काळी फीत बांधून आला आणि एक गळ्यात लाल-पिवळा रुमाल घालून. दोघांनी दारातच ते काढून खिशात कोंबलं, कारण गणवेशावर काही लावलेलं सरांना चालत नाही. मग दीड तास एकमेकांना चटया गुंडाळून दिल्या.

चटया कशाला, ते सांगतो. या प्रकाराला तामेशिगिरी म्हणतात, म्हणजे पात्याची पारख करायला कापून बघणं. जपानात त्यासाठी तातामीच्या, म्हणजे तिकडच्या घरांत जमिनीवर अंथरतात त्या जाड चटईच्या, वरचं विणलेलं गवत वापरतात. ती चटई गुंडाळून, बांधून, रात्रभर पाण्यात बुडवायची, मग उभी करून निथळू द्यायची. ओली गुंडाळी कापताना हाताला मांसासारखी लागते, आणि मधे हिरवा बांबू घातला की हाडासारखी. इथे तातामी कुठून आणणार? आम्ही तमिळनाडूकडून येणाऱ्या कोरई गवताच्या चटया घेतो आणि बांबू खानापूरकडचा ओला. वाळका बांबू सर लावूच देत नाहीत, धारेचा दात जातो. चटया काही फुकट मिळत नाहीत, म्हणून कापायचा दिवस तीन महिन्यांतून एकदाच. आदल्या रात्री क्लबाच्या मोरीत दोन निळे ड्रम भरून चटया भिजत असतात आणि सगळीकडे पहिल्या पावसानंतरच्या गोठ्यासारखा वास सुटतो.

तिथपर्यंत पोचायलाच मला वर्ष लागलं. आधी आठ महिने बोकुतो, म्हणजे लाकडी तलवार. मग इआइतो, म्हणजे दिसायला हुबेहूब तलवार, खरं धार नसलेली, जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. तिला धार लावायची म्हटली तरी लागत नाही. आणि शेवटी खरी. ती क्लबाच्या कुलपातच असते, कागदपत्रांची भानगड सरांनी रीतसर निस्तरली आहे, घरी कुणी नेत नाही. उपसण्यापूर्वी प्रत्येकाने मुठीतली खुंटी तपासायची. मेकुगी म्हणतात तिला. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चाट पडलो. सगळं पातं मुठीत धरून ठेवते ती एक बांबूची खुंटी, बोटाच्या पेराएवढी! उद्यमबागला कारखान्यात कुणी मला असं ड्रॉइंग दाखवलं असतं तर मी परत पाठवलं असतं. सरांना तसं म्हणालोही. ते म्हणाले, "लोखंडाची पिन घाल, हादऱ्याने एक दिवस कड्कन जाईल. बांबू आधी चिरतो, कुरकुरतो, मग तुटतो. तुला सांगून जातो." मी गप्प बसलो.

माझं काम तुला माहीतच आहे, वीस वर्षं हीट ट्रीटमेंट, पोलाद तापवून-गार करून हवं तसं कडक करायचं. त्यामुळे मी तिथे गेलो तेच शहाणपण बगलेत मारून. जपानी लोहार पात्याला माती फासतात, पाठीला जाड, धारेला पातळ. मग काळोखात पातं तापवायचं, रंग बघून, साधारण साडेसातशे-आठशे अंशांपर्यंत, आणि पाण्यात बुडवायचं. धारेवरची माती पातळ, म्हणून ती झटक्यात गार होऊन कडक होते. पाठ सावकाश गार होते, मऊ राहते. कडक होताना धारेकडचं पोलाद फुगतं, आणि पाण्यातच पातं पाठीकडे कमान घेतं. त्या बाकाचा मोठा भाग लोहार ठोकून आणत नाही, तो पाण्यात आपोआप येतो. आमच्याकडे एखादा शाफ्ट असा वाकला तर गिऱ्हाईक शिव्या घालतं. तिकडे त्याचीच तलवार होते. हे सगळं मी पहिल्या आठवड्यात सगळ्यांना ऐकवलं. बँकवाला वैतागून म्हणाला, "ओ, कापणार कधी तुम्ही?"

कापलं मी गेल्या दसऱ्याच्या आदल्या रविवारी. म्हणजे कापायला गेलो.

वार केसागिरीचा. एका खांद्यापासून तिरका कमरेकडे उतरणारा. केसा म्हणजे बौद्ध भिक्षूंचं खांद्यावरून तिरकं घेतलेलं वस्त्र, आणि तो शब्द आपल्या 'काषाय'वरून गेलाय! भगव्या छाटीचा शब्द चीनवरून जपानात गेला आणि त्याच्या काठावरून तिकडचे लोक माणूस कापायला शिकले. तुझ्यासारख्या शब्द उकरणाऱ्याला हे दिल्याशिवाय राहवेना.

तर मी उभा राहिलो. समोर एक चटई, बांबू नाही, सगळ्यात सोपी. तलवार डोक्यावर नेली आणि घातली. दोन-तृतीयांश गेली आणि अडकली. खुंट्यावरची चटई तिरकी झाली, स्टँड हलला. तेव्हाच थांबायचं होतं. मी काय केलं? सगळे बघत होते, सुभेदार बघत होते. मी जोर लावला. मनगट वळवून रेटली. चटई तुटली, तुकडा पडला, पोरांनी टाळ्याही वाजवल्या. तलवार म्यानात घालायला गेलो तर जाईना.

सरांनी ती हातात घेतली, पाठीवरून एका डोळ्याने नेम धरल्यासारखं बघितलं आणि भिंतीला उभी केली. टोकापासून वीतभर अंतरावर डावीकडे बाक आला होता. सर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. अख्ख्या खोलीत एकट्या मलाच नेमकं माहीत होतं की ती का वाकली. एकसारखी कडक केलेली स्प्रिंगची तलवार असती तर सरळ परत आली असती. ही पाठीला मऊ होती, म्हणून मोडली नाही, वाकली, आणि वाकली तशीच राहिली. मोडण्यापेक्षा वाकलेली परवडली म्हणूनच जुन्या लोकांनी ती तशी केलेली असते. हे सगळं माहीत असून मी रेटली.

घरी सांगितलं नाही. तुलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला, म्हटलं आमच्या शॉपमध्ये प्रेसवर सरळ करून देतो. ते म्हणाले, "प्रेस नको. तू ये." खाच पाडलेला एक लाकडी दांडका त्यांच्याकडे आहे. त्यात पातं अडकवून, थोडं थोडं, बघत बघत उलटं घ्यायचं. दोन तास लागले. सगळा वेळ मी नुसता टॉर्च धरून उभा होतो.

मग त्यांनी मला सांगितलं ते इतकं साधं होतं की राग आला. म्हणाले, "उजव्या हाताने लाकडं फोडालास तू. डावा हात कापतो, उजवा फक्त वाट दाखवतो." मुठीच्या टोकाला डावा हात असतो, जोर तिथून येतो. उजवा हात घट्ट झाला की तो पातं वळवतो. पातं ज्या वाटेने चाललंय तिच्याच रेषेत धार हवी, त्याला हासुजी म्हणतात. ती थोडी जरी कलली तरी कापण्याऐवजी पाचर ठोकल्यासारखं होतं. माझा उजवा हात म्हणजे वीस वर्षं घण आणि सांडशी धरलेला. तो कुठला ऐकतोय?

त्यानंतर चार महिने गच्चीवर फक्त काठी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट घट्ट, बाकीची ढिली. रोज सकाळी दोनशे. शेजारच्या काकूंना वाटलं मी वानरं हाकलतोय, त्यांनी आपल्या गच्चीवरच्या पापडांचीही जबाबदारी माझ्यावर टाकली.

मधल्या काळात वैशाखातली शिवजयंती झाली. चित्ररथ बघायला रात्री रस्त्यावर उभा होतो. आपल्या तालमीतला एक जण भेटला, पोरांना दांडपट्टा शिकवतो. म्हणाला, "आपली तलवार सोडून जपान्यांची कशाला रे?" मला चटकन सुचलं ते बोललो, "फिरंग कुठली होती?" मराठ्यांच्या कितीतरी तलवारींची पाती युरोपातून यायची, मूठ इथे चढायची, म्हणून तर तिचं नाव फिरंग. तो हसला, खरं त्याला पटलं नाही. मलाही पूर्ण पटलं नव्हतं. त्याच रात्री त्याच्या एका पोराने जमिनीवर ठेवलेलं लिंबू दांडपट्ट्याने दोन फोडी केलं, उडत्या पावलावर. मी वर्षभरात एक चटई वाकडी कापली होती. कुणाचं शस्त्र मोठं यावर बोलायची माझी लायकी नव्हती.

आणि एक गोष्ट आहे, ती लपवत नाही. ही पारख पूर्वी चटईवर होत नसे. एदो काळात, म्हणजे सामुराईंच्या शेवटच्या अडीचशे वर्षांत, मृत्युदंड दिलेल्यांच्या प्रेतांवर तलवारी तपासत. यामादा आसाएमोन हे नाव पिढ्यानपिढ्या चालवणारं एक घराणंच हे काम करायचं. किती देह कापले ते मुठीतल्या दांड्यावर सोन्याच्या अक्षरांत कोरून ठेवत. ते वाचल्यावर दोन आठवडे मी क्लबाला गेलो नाही. १८७६ मध्ये सैन्य-पोलीस असे थोडे सोडून बाकी सगळ्यांना, सामुराईंनाही, तलवार बाळगून फिरायला बंदी आली, आज उरली ती चटई. परत गेलो, हे खरं आहे. कसं समर्थन करू ते मला येत नाही. चटई कापताना ती माणसं आठवतात असं म्हणालो तर खोटं होईल. आठवत नाहीत.

तुझ्या मोडी लिपीच्या नादासाठी एक मासला. नाकामुरा ताइझाबुरो (१९१२–२००३) म्हणून एक तलवारीचे गुरू होऊन गेले. सैन्यात तलवार शिकवायचे. सुलेखन करताना त्यांच्या लक्षात आलं की 'ए' या अक्षरात, म्हणजे 'चिरंतन' या अर्थाच्या चिन्हात, कुंचल्याचे जे आठ मूळ फटकारे आहेत, तेच तलवारीचे आठ वार होतात. त्यावरून त्यांनी आपली पद्धत बांधली. मोडीत हात न उचलता ओळ सरकत जाते, तिथे असं काही सापडेल का, बघून सांग.

आता आजचं. सकाळी कापायचा दिवस होता. माझी पाळी शेवटून दुसरी. तीच तलवार, सरळ केलेली. खुंटी बघितली, नमस्कार केला, उपसली. काही वाटलं नाही, हेच सांगायचं होतं तुला. हाताला काही लागलंच नाही. मला वाटलं चुकलो, चटई तशीच उभी होती. मग वरचा तुकडा सावकाश घसरला आणि पडला.

आमचे सर कापणाऱ्याकडे बघत नाहीत. ते जाऊन तुकडा उचलतात आणि कापाचं तोंड बघतात. मनगट वळलं असेल तर तिथे चमच्यासारखी खोलगट येते. पातं शेवटी ढिलं पडलं असेल तर खाली गवताची दशी लोंबते. आवाजावर ते विश्वास ठेवत नाहीत, पात्याला लांब पन्हळ असली की वारा उगाच शीळ घालतो, म्हणतात. माझा तुकडा त्यांनी उजेडाला धरला, अंगठा फिरवला आणि माझ्याकडे फेकला. सपाट होता. खालच्या काठाला तीन-चार दश्या होत्या. "शेवटाला डावा सुटला," एवढंच म्हणाले. सुभेदारांनी मात्र पाठीवर थाप मारली, ती अजून दुखते.

तुकडा घरी आणलाय, समोर टेबलावर आहे, अजून ओलसर. तिरका, सपाट. मगापासून बघतोय, तर अगदी तुझ्या बोरूच्या टोकासारखा दिसतो. तू नववीत माझा बोरू कापून द्यायचास आणि मी कापला की नेहमी चिरफळायचा, म्हणून शाई फुटायची. तेव्हा तू काय करत होतास? चाकू ओढायचास की दाबायचास? खरंच आठवून लिही, मला हवंय. सरांनाही विचारतोय म्हणून सांगितलंय.

येताना एक काम कर. पात्याला लावायच्या तेलात लवंगेचं तेल घालतात. इथे मिळतं ते दाढदुखीचं, चिमणीच्या पाण्याएवढ्या बाटलीत. पुण्यात चांगलं मिळालं तर शंभर मिली आण. कुंदा मी देतो. आईने विचारलंय वहिनींचा गुडघा कसा आहे, तेही कळव.

तुझा,
वाकड्या बोरूवाला