आधी बोट मातीत, मग पाणी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल पाठवलेले फोटो एकेक करून मोठे करून पाहिले. मांडवाला लोंबणारी कारली, ताटाएवढी अळूची पानं आणि कमरेपर्यंत आलेली भेंडी बघून फार बरं वाटलं. आई, भेंडीचा तोडा दिवसाआड झालाच पाहिजे. एक जरी शेंग निबर होऊन बी धरायला लागली तरी झाडाचा जोर तिकडे जातो आणि पुढची फुलं कमी येतात. खायची नसेल तरी तोड आणि शेजारी दे.

फोनवर तुम्ही चार तक्रारी सांगितल्यात. दुधीची कोवळी फळं गळतात, टोमॅटोचं बूड काळं पडतं, लिंबाची पानं पिवळी होतात आणि मिरची आक्रसली आहे. बाबा औषध आणायला निघालेत असंही आई म्हणाली. बाबा, जरा थांबा. टोमॅटो आणि लिंबाचं दुखणं पाण्याचं आहे, नुसतं दुकानातलं औषध मारून ते जाणार नाही.

दुधीपासून सुरुवात करते. गळलेलं फळ फेकून देऊ नका. सुरीने उभं चिरा. आत स्वच्छ पांढरं असेल, नुसतंच सुकलेलं असेल, तर फुलात परागकण पोचलेले नाहीत. आत तपकिरी, चिकट आणि बारीक पांढऱ्या अळ्या असतील तर ती फळमाशी. ही माशी कोवळ्या फळाला डंख करून आत अंडी घालते, म्हणून सालीवर टाचणीएवढं भोक आणि त्यावर डिंकासारखा थेंब दिसतो. पुढे फळ त्या बाजूला वाकडं होतं. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून आधी चिरून बघायचं.

परागकण पोचत नसतील तर ते आपल्या हाताने करता येतं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी ऊन चढेपर्यंत कोमेजतं. दिवसा फिरणाऱ्या मधमाश्यांच्या वाट्याला ते फारसं येतच नाही. रात्रीचे पतंग कमी असले की फळधारणा घटते. दिवेलागणीला मांडवाखाली जा. लांब, बारीक देठावरचं फूल नर. ज्याच्या मागे बोटाएवढी लवदार दुधी दिसते ते मादी. नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधल्या तीन फुगीर भागांवर हलकेच सगळीकडून टेकवायचा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचं काम होतं. जमलं असेल तर दोन-तीन दिवसांत फळ हिरवंगार राहून खाली मान घालतं. नाही जमलं तर टोकाकडून पिवळं पडतं. शिराळी दोडक्याचं फूलही संध्याकाळीच उमलतं, त्यामुळे दोन्ही कामं एका फेरीत होतील. कारली, काकडी आणि लाल भोपळा मात्र सकाळचे. जाताना पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच, पाऊस नुकताच संपलाय, गवतात काय असेल सांगता येत नाही. आणि स्टुलावर चढायचं नाही. हात पोचेल तेवढ्याच फुलांना करा, उरलेली राहू देत.

फळमाशी निघाली तर फळ धरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यावर जुन्या मलमलची पिशवी चढवून देठाशी सैल बांधा. खाली पडलेली फळं कंपोस्टमध्ये टाकू नका. अळी फळातून बाहेर पडून मातीत कोषात जाते आणि काही दिवसांत नवी माशी होऊन वर येते. ती फळं प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवा. वेलाखालची वरची दोन-तीन इंच माती आठवड्यातून एकदा खुरप्याने हलवली की कोष उघडे पडतात, पक्षी आणि मुंग्या ते टिपतात. क्यू ल्युअरचा, म्हणजे फळमाशीला ओढणाऱ्या वासाचा सापळा लावता येतो, पण त्यात फक्त नर माश्या येतात. म्हणून पिशवी बांधणं सापळा लावल्यावरही सोडायचं नाही.

दुधीबद्दल आणखी एक, आणि हे बाबांसाठी, कारण सकाळचा दुधीचा रस तुम्ही सोडलेला नाही. चिरल्यावर कच्च्या दुधीचा छोटा तुकडा जिभेला लावून बघायचाच. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खी दुधी फेकून द्या. रस काढायचा नाही, भाजीही करायची नाही. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावल्यावर आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिनेही कडू रस अजिबात पिऊ नका असंच बजावलं होतं. घरच्या वेलाची आहे म्हणून सुरक्षित असते असं नाही.

आता टोमॅटो. बुडाला आधी पाणचट आणि मग काळा, चपटा, चामड्यासारखा डाग पडतो, तो रोग नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की असं होतं. आई, तू अंड्याची टरफलं चुरून घालतेस, पण मिरजेच्या आपल्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच भरपूर आहे. कॅल्शियम मातीत आहे, ते फळापर्यंत नेणारं पाणी सारखं मिळत नाही. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी दोन बादल्या, हे टोमॅटोला सोसत नाही. फळं तडकतात तीही याच कारणाने. थोडं थोडं, ठरलेल्या दिवशी पाणी द्या आणि बुंध्यापासून चार बोटं सोडून सगळीकडे उसाच्या पाचटाचा 3 ते 4 इंचांचा थर पसरा. आपल्याकडे पाचटाला तोटा नाही. ऑक्टोबरच्या उन्हात यासारखं दुसरं काही नाही. डाग पडलेली फळं काढून टाका, पुढची बहुतेक चांगली येतील.

पाणी केव्हा द्यायचं हे वरून बघून काळ्या मातीत कळत नाही. वर भेगा पडतात आणि खाली चिखल असतो. बोट दोन पेरं आत घाला. गार लागलं आणि माती बोटाला चिकटली तर त्या दिवशी पाणी नाही. लिंबासाठी लाकडी पट्टी सहा इंच रोवून बाहेर काढा आणि तिला ओली माती लागली आहे का बघा.

लिंबाचं खरं कारण इथेच आहे. फोटोत शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या. जुनी पानं आधी पिवळी पडली असती तर नत्र कमी म्हटलं असतं. ही लोहाची कमतरता आहे. लोह मातीत असतं, पण चुनखडी आणि सततचा ओलावा यामुळे मुळांना उचलता येत नाही. बाबा बुंध्याशी रोज पाणी सोडतात, पावसाळ्यातली ओल अजून खाली आहेच. पंधरा दिवस पाणी पूर्ण बंद ठेवा, मग पट्टी बघून आठ-दहा दिवसांनी एकदा. बुंध्याभोवती फूटभर अंतरापर्यंत बाहेरच्या बाजूला उतरती मातीची चढण करा आणि पाण्याचं आळं तिच्या बाहेर, फांद्यांच्या घेराखाली काढा, कारण पाणी पिणारी मुळं तिथे असतात. पानांवर चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातलं), लिटरला 1 ग्रॅम, संध्याकाळी फवारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. जुनी पानं हिरवी होणार नाहीत, नवी पालवी बघा.

खोडावर डिंक दिसतोय, तो बुंध्याशी पाणी साचल्याने येतो. त्याला बोर्डो मलम लावायचं. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात. चुना विरून गार झाल्यावर दोन्ही एकदम तिसऱ्या प्लास्टिकच्या बादलीत ओता आणि लाकडाने ढवळा. स्वच्छ लोखंडी खिळा क्षणभर बुडवून काढा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना आणखी हवा. डिंक खरवडून, जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत ब्रशने निळा थर द्या आणि त्याच दिवशी संपवा. हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा असू दे. हे काम आता आणि पुन्हा मे अखेरीस, पावसाआधी.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर काडीने हलकेच टोचून बघा. दोन केशरी शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला तर ती फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवी होते आणि कोवळा शेंडा एका दिवसात साफ करते. उचलून दुसरीकडे सोडली की झालं, फवारणी नको.

मिरचीला बोकड्या, म्हणजे पानं आक्रसण्याचा रोग, म्हणायच्या आधी पान उलटं करा. पानाच्या कडा होडीसारख्या वर वळल्या असतील तर फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारे अगदी बारीक किडे, जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे. पहिले दोन दिवस सकाळी पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोराचा फवारा द्या. नंतर 5 मिली निंबोळी तेल अर्धा चमचा पातळ साबणात घोटून एक लिटर पाण्यात मिसळा आणि संध्याकाळी मागच्या बाजूनेच फवारा, आठवड्याने पुन्हा. कोळ्यांवर गंधक चालतं, पण तेल मारल्यावर दोन आठवडे गंधक नको, पानं करपतात. दुधी-कारल्यावर तर उन्हात कधीच नको. एखादं झाड खुजं राहून, पानं बारीक होऊन गुच्छ झाला असेल तर तो विषाणू आहे, पांढरी माशी तो पसरवते. ते झाड उपटून पिशवीत घाला. मन घट्ट करून काढा, शेजारची वाचतील.

पाच-सहा दिवसांनी मेथी टाका. एकदम सगळा वाफा न पेरता दर दहा दिवसांनी हातभर पट्टा पेरा, म्हणजे पंचवीस-तीस दिवसांनी सुरू होऊन आळीपाळीने मिळत राहते. धणे हाताने रगडून दोन दले वेगळी करून, रात्रभर भिजवून पेरा.

आजच गळलेली एक दुधी चिरून आतला फोटो पाठवा, आणि एका मिरचीच्या पानाची मागची बाजू. क्यू ल्युअरचे सापळे मी दिवाळीला घेऊन येते. तोवर बाबा, बादली उचलायची नाही, लहान झारी वापरा.

तुमची लेक