पावसाळ्याआधी घरोघरी आपत्कालीन बादली तयार ठेवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, सांगली

सप्रेम नमस्कार.

वळीव दोनदा पडून गेला, आता मिरग तोंडावर आहे. त्याआधीच्या सभेत हा विषय घ्यावा, ही विनंती.

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. चहूकडे पाणी आणि प्यायला घोटभर नाही, असे दिवस आपण काढले. वीज गेली, मोटार बंद, टाकी दुसऱ्या दिवशी रिकामी. होडीवाले म्हणाले, एकच पिशवी घ्या. आणि मी अंधारात कपाट उचकत बसले. खरेदीखत, मुलीच्या मार्कशीट खालच्या कप्प्यातच राहिल्या. पूर ओसरल्यावर त्यांचा लगदा हाती आला. वरच्या मजल्यावरच्या आजींचं इन्सुलिन फ्रिज बंद पडल्यावर कुठे ठेवायचं, हे कुणालाच सुचेना. शेवटी कोरड्या डब्यात घालून माठाच्या ओल्या फडक्याला टेकवून ठेवलं.

जुलै 2021 मध्ये पुन्हा तीच धावपळ झाली. तेव्हापासून माझ्या दाराशी एक बादली भरलेली असते. रंगाची 20 लिटरची, घट्ट झाकणाची रिकामी बादली स्वस्तात मिळते. आत टॉर्च, जादा सेल, शिट्टी, काडेपेटी, आठवड्याची औषधं, जुना चष्मा, सॅनिटरी पॅड, कागदांच्या झेरॉक्स दुहेरी प्लास्टिकमध्ये, आणि दहा-वीस-शंभराच्या नोटा. रेंज गेली की मोबाईलवरून पैसे देता येत नाहीत, हे आपण भोगलंय. फोन नंबरही कागदावर लिहिलेत: मदतीला 112, जिल्हा आपत्ती कक्ष 1077, रुग्णवाहिका 108. खाऊ म्हणून बंद डब्यात भडंग, गूळ, शेंगदाण्याचे लाडू. तो दर महिन्याला बदलते. साखर-मिठाची पुडीही आहे: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या छोट्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ.

पिण्याचं पाणी मात्र रंगाच्या बादलीत नको, त्याला वेगळा कॅन. माणशी दिवसाला 3 लिटर धरले तरी चौघांना तीन दिवसांसाठी 36 लिटर लागतात. घरातले कॅन-कळशा आधीच भरून ठेवायच्या, एवढंच. बहुतेक वस्तू घरात असतातच. मला नवीन घ्यावी लागली ती बादली, टॉर्च आणि शिट्टी.

संस्थेने जाड दोर, हवा भरलेल्या दोन ट्यूब आणि प्रथमोपचार पेटी घ्यावी. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची आणि त्यांच्या औषधांची यादी करावी. पाणी मीटर-खोलीपर्यंत येण्याआधी लिफ्ट वर नेऊन मेन स्विच कोण बंद करणार, त्याचं नाव आत्ताच ठरवावं. गेल्या वेळी यावर जिन्यात वाद झाला आणि तेवढ्यात पाणी दोन पायऱ्या चढलं.

सभेला मी माझी बादली घेऊन येते. सगळ्यांनी उघडून बघावी, काय राहिलंय ते सांगावं.

आपली नम्र,
तळमजल्यावरील एक सभासद