तेलवाहिनीच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांसाठी मदतनिधी : आवाहन

सप्रेम नमस्कार,

मुंबईहून मनमाड, तिथून मध्य प्रदेशातले मांगल्या आणि पुढे दिल्लीजवळचे बिजवासन, ही तेलवाहिनी आपल्या नाशिक जिल्ह्याला नवी नाही. बिहारच्या मोतिहारीहून नेपाळच्या अमलेखगंजला २०१९ पासून जाणारी ६९ किलोमीटरची वाहिनी तर दोन देशांमधली. सीमा कुठलीही ओलांडा, भारतातल्या वावरात कायदा लागतो तो तेलवाहिनीसाठी जमिनीचा वापरहक्क घेण्याचा, १९६२ चा. नवी वाहिनी मंजूर झाल्याच्या बातमीत गट नंबर छापत नाहीत. ते राजपत्रात येतात आणि घोळ तिथेच होतो.

या कायद्याच्या कलम ३(१) ची, म्हणजे वापरहक्क घेण्याच्या इराद्याची, अधिसूचना निघाली की राजपत्राच्या प्रती उपलब्ध झाल्यापासून २१ दिवसांत लेखी हरकत द्यावी लागते. यादीत मयत वडिलांचे नाव, चुकलेला पोटहिस्सा, नकाशावर नसलेली विहीर, हे नेहमीचेच. जमीन आपल्याच नावावर राहते, पण साधारण १८ मीटरच्या पट्ट्यात पुढे घर, विहीर, तळे, झाड काही करता येत नाही. त्यापोटी अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावाच्या १० टक्के आणि पीक, झाडे, इतर नुकसानीची भरपाई वेगळी. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येते.

पंचनामा खोदाईचे यंत्र वावरात शिरण्याआधीच हवा. डाळिंबाची झाडे वयासकट मोजा. ठिबकची जमिनीखालची सबमेन नळी, बांध, ताली लिहून घ्या. सातबाऱ्यावर पीक नोंदलेले नसेल तर पुढे भांडून उपयोग नाही. चर खणताना वरची काळी माती वेगळ्या ढिगात ठेवायला लावा. एकदा मुरूम मिसळला की तो पट्टा वर्षानुवर्षे पिवळा पडतो. बुजवलेला चर पहिल्या पावसात खचतो, म्हणून ‘तक्रार नाही’ या कागदावर पावसाळ्याआधी सही नको!

हे सगळे आपली समिती आजवर विनामोबदला सांगत आली. निवृत्त भूमापक काकांनी उन्हातान्हात साखळी ओढली, वकीलसाहेबांनी एक पैसा न घेता अर्ज लिहिले, मुख्याध्यापिकाबाईंनी पेन्शनमधून झेरॉक्सचे बिल भागवले, सोसायटीने खोली दिली. त्यांचे ऋण फिटणारे नाही. मागच्या आवाहनाला मात्र पट्ट्याबाहेरच्यांनी जास्त हात दिला. ज्यांच्या बांधावर वाहिनीचे दगड उभे आहेत, त्यांतले बरेच जण पावतीपुस्तक दिसले की रस्ता बदलतात. असो.

आता निधी हवा तो तातडीच्या मोजणी फीसाठी, नकाशांच्या प्रतींसाठी, कायद्याच्या मराठी पुस्तिकेच्या १,००० प्रतींसाठी आणि १०० मीटरच्या दोन टेपांसाठी. रब्बीच्या पेरणीआधी. रोख किंवा चेक, पावती घ्यावीच. बाजाराच्या दिवशी ११ ते ४, सोसायटीची वरची खोली. येताना सातबारा, आठ-अ आणि नोटीस आली असेल तर तीही आणावी. पैसे जमत नसतील त्यांनी मोजणीला एक दिवस द्यावा.

आपला,
सचिव
(समितीकरिता)