माजाळीच्या किनाऱ्यावर बिजली

शहापूर, बेळगाव
फेब्रुवारी

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

फोन आला की पहिला प्रश्न तुझा, "पिल्लू कसं आहे?" म्हटलं, यावेळी सविस्तरच लिहावं. तुझी बिजली आता कुत्र्याचं पिल्लू राहिली नाही. छाती खोल, कंबर एवढीशी, पाय लांबसडक. कारवानीची, म्हणजे मुधोळ कुत्र्याची ठेवण तू सांगायचास, अगदी तशीच.

परवा तिला घेऊन कारवारला मावशीकडे गेलो होतो. खानापूर, रामनगर, जोयडा करत. दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही दोघंच माजाळीच्या किनाऱ्यावर. ओहोटी होती, ओली वाळू टणक. बाळू, तिने समुद्र पहिल्यांदाच बघितला. लाट आली की पुढचा एक पाय उचलून थांबायची, पाणी मागे सरलं की तिथली वाळू हुंगायची. मग फेस चाटला आणि तोंड वाकडं केलं! लगेच डब्यातलं गोडं पाणी पाजलं. खारं पाणी पोटात गेलं तर उलट्या-जुलाब ठरलेले.

पट्टा मात्र हातातून सोडला नाही. नजरेवर धावणारी जात ती. वाळूवर एक कुर्ली पळाली की मान ताठ, कान मागे, मग माझी हाक कुठली ऐकतेय. त्यात हे दिवस कासवांचे. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या रात्री या किनाऱ्यावर चढून वाळूत अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात, आणि तेवढ्यात कुत्र्यांनी घरटं उकरलं की सगळं संपलं. तिला सुसाट धावताना बघायला मला किती आवडतं, तुला माहीत आहे. पण त्याला तुझं रान आहे की. इथे आपण पाहुणे.

पुढे मच्छीमार रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. दोन्ही टोकांना माणसं, दोर इंच इंच येतोय. बिजली माझ्या पायाशी बसून बघत राहिली, मीही. एका म्हाताऱ्या मच्छीमाराने विचारलं, कुठली जात? मुधोळची म्हणालो, आणि तिथल्या राजांनी, मालोजीराजे घोरपड्यांनी पाचव्या जॉर्जला अशीच जोडी भेट दिली होती, तेही सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला फार बरं वाटलं रे.

ऊन चढायच्या आत परतलो. तापलेल्या वाळूने पंजे पोळतात. मावशीच्या विहिरीवर पाय धुतले, बोटांच्या फटीतली वाळू काढली, कोरडं पुसलं. दुपारभर ती पडवीत झोपली आणि मी शेजारी पेपर वाचत बसलो. फोन नाही, कुणाचं येणं-जाणं नाही. असा दिवस मला कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता.

मे महिन्यात सुट्टी काढ. पाऊस लागायच्या आत तिघं जाऊ. येताना बिजलीच्या आईचा फोटो आण, मावशीला बघायचाय. काकांचा गुडघा आता कसा आहे, तेही कळव.

तुझाच,
शाम