जुन्या चेंडूचा विचार करून गोलंदाज निवडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कसोटी चार दिवसांवर आली की क्रीडा पानावर खेळपट्टीचा फोटो येतो, गवत किती ठेवले आहे याची चर्चा सुरू होते आणि त्या गवतावरूनच गोलंदाज ठरू लागतात. हिरवळ दिसली की चार वेगवान, कोरडी दिसली की तीन-चार फिरकीपटू. आगामी कसोटीबद्दलही सध्या हेच चालले आहे, म्हणून हे पत्र. पहिल्या सकाळचे दोन तास डोळ्यांपुढे ठेवून आपण गोलंदाज निवडतो. सामना मात्र हातातून निसटतो तो चाळिसाव्या ते ऐंशीव्या षटकांदरम्यान. दुसरा नवा चेंडू मिळतो 80 षटकांनंतर. पहिल्याची लकाकी गेल्यापासून तोवर बळी कोण काढणार, हे ज्या संघाला सांगता येत नाही त्याचा मारा कागदावर कितीही धारदार दिसला तरी अपुराच.

2023 मध्ये ओव्हलवर झालेला कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना आठवा. ढगाळ हवा पाहून रोहित शर्माने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. शमी, सिराज, उमेश आणि शार्दूल असे चार वेगवान गोलंदाज खेळले, फिरकीला एकटा जडेजा. क्रमवारीत तेव्हा जगात पहिला असलेला ऑफस्पिनर अश्विन बाहेर बसला, तोही ज्यांच्यापासून त्याचा चेंडू बाहेर वळतो असे वॉर्नर, ख्वाजा, हेड, कॅरी, स्टार्क हे पाच डावखुरे फलंदाज समोर असताना. ऑस्ट्रेलिया 3 बाद 76 होती तोपर्यंत निवड बरोबर वाटत होती. मग ऊन पडले, चेंडू मऊ झाला आणि हेड व स्मिथ यांनी 285 धावांची भागीदारी केली. दिवसअखेर धावफलक 3 बाद 327. त्या सामन्यात आपण 209 धावांनी हरलो, आणि शेवटच्या डावात त्याच खेळपट्टीवर ऑस्ट्रेलियाचा फिरकीपटू नेथन लायनने चार बळी घेतले.

लायनचाच आणखी एक सामना सांगतो, पर्थ 2018. अश्विन दुखापतग्रस्त होता, तरी जडेजाला न घेता आपण इशांत, बुमराह, शमी, उमेश असे चार वेगवान गोलंदाज उतरवले. फिरकीची षटके मुळात फलंदाज असलेल्या हनुमा विहारीने टाकली. वेगवान गोलंदाजांची म्हणून गाजलेल्या त्या खेळपट्टीवर आठ बळी घेऊन सामनावीर ठरला तो ऑफस्पिनर लायन. त्यामागचे एक कारण जवळून पाहण्यासारखे आहे. लायनचा जोडीदार, वेगवान गोलंदाज मिचेल स्टार्क डाव्या हाताने चेंडू टाकतो. यष्टीच्या उजवीकडून चेंडू टाकून पुढे येताना त्याच्या बुटांचे खिळे खेळपट्टीवर ज्या ठिकाणी उमटतात, ती जागा दुसऱ्या टोकाकडून पाहिली तर उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या ऑफ यष्टीबाहेर येते. दिवसागणिक तिथली माती उखडत जाते आणि लायन नेमका तिथे टप्पा टाकून चेंडू आत वळवतो. म्हणजे स्टार्क स्वतःचे बळी घेता घेता जोडीदारासाठी जागाही तयार करत असतो. आपले चौघेही उजव्या हाताने टाकणारे होते. झहीर खाननंतर आपल्याला कसोटीत टिकून राहिलेला डावखुरा वेगवान गोलंदाज मिळालेला नाही, याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. मारा असा एकमेकांना पूरक असावा लागतो. चार उत्तम पण एकाच धाटणीचे गोलंदाज घेतले, तर जम बसलेल्या फलंदाजाला दिवसभर एकच प्रश्न सोडवावा लागतो.

सगळे वेगवान गोलंदाज खेळवून आपण जिंकलोही आहोत. 2018 मध्येच जोहान्सबर्गला एकही फिरकीपटू नसताना 63 धावांनी जिंकलो. पण ती खेळपट्टी इतकी बिघडली होती की जुना चेंडूही उसळत होता. तशी खेळपट्टी क्वचित मिळते. तिच्यावरून नियम बांधता येत नाही. उलट्या बाजूनेही तेच. नोव्हेंबर 2025 मध्ये कोलकात्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चार फिरकीपटू खेळवूनही 124 धावांचा पाठलाग करताना आपण 93 धावांत आटोपलो, आणि त्या सामन्यात आपल्याकडून डावात पाच बळी घेणारा होता बुमराह.

मला खरा राग आहे तो आठव्या क्रमांकावरच्या फलंदाजीच्या हव्यासाचा, म्हणजे बळी घेणाऱ्यापेक्षा थोडी फलंदाजी येणारा गोलंदाज निवडण्याचा. 2025 च्या लीड्स कसोटीत आपल्या फलंदाजांनी पाच शतके ठोकली. तळाला फलंदाजी हवी म्हणून शार्दूल ठाकूरला घेतले होते. त्याने दुसऱ्या डावात दोन बळी जरूर घेतले, पण ज्या फलंदाजीसाठी हा खटाटोप होता तिथे शेवटचे सात गडी पहिल्या डावात 41 धावांत आणि शेवटचे सहा दुसऱ्या डावात 31 धावांत गेले. इंग्लंडने 371 धावांचे लक्ष्य पाच गडी राखून गाठले. बुमराहला त्या शेवटच्या डावात बळी मिळाला नाही, आणि दुसऱ्या कोणाकडे धाव घ्यावी असा गोलंदाज कर्णधाराकडे उरला नव्हता. मनगटी फिरकी टाकणारा कुलदीप यादव त्या मालिकेच्या पाचही कसोटींत बाहेरच होता.

कुलदीपची तर ही जुनीच कथा. डिसेंबर 2022 मध्ये चट्टोग्रामला त्याने पहिल्या डावात 40 धावांत पाच बळी घेतले, सामनावीर ठरला आणि लगेच पुढच्या कसोटीत वगळला गेला. त्याच्यासारखे डाव्या हाताने मनगटी फिरकी टाकणारे गोलंदाज जगातच मोजके. चेंडूची शिवण दबली, स्विंग संपला तरी त्याच्या हातातून चेंडू दोन्हीकडे वळतो, कारण तो खेळपट्टीपेक्षा मनगटावर अवलंबून आहे. शिवण लवकर दबणारा कूकाबुरा बनावटीचा चेंडू असो वा इंग्लंड दौऱ्यात लवकर मऊ पडल्याची तक्रार झालेला ड्यूक्स बनावटीचा, अशा गोलंदाजाची गरज परदेशात कमी होत नाही, वाढते. 2002 मध्ये इंग्लंडमधल्या हेडिंग्लेच्या ढगाळ हवेत गांगुलीने कुंबळे आणि हरभजन या दोन्ही फिरकीपटूंना खेळवले, आधी फलंदाजी घेतली आणि एक डाव 46 धावांनी कसोटी जिंकली.

दुसरी बाब बुमराहची. 2024-25 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने 32 बळी घेतले आणि शेवटी सिडनीत, नेमक्या निर्णायक डावात, पाठीच्या दुखापतीमुळे त्याला चेंडूच हातात घेता आला नाही. मधल्या षटकांत बळी मिळेनासे झाले की कर्णधार पुन्हा पुन्हा त्यालाच बोलावतो; त्याच्यावरचा ताण तिथेच साठत जातो. 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात बर्मिंगहॅमला तो नसताना आकाश दीपने सामन्यात दहा बळी घेतले. त्यामुळे बुमराहला विश्रांती देण्याची भीती बाळगण्याचेही कारण नाही.

आगामी कसोटीसाठी माझी पसंती अशी : बुमराह, सिराज, आकाश दीप, कुलदीप आणि जडेजा. खेळपट्टी अगदीच कोरडी निघाली तर आकाश दीपऐवजी वॉशिंग्टन सुंदर. कुलदीपची जागा मात्र गवत पाहून बदलू नये. एकदा त्याला घेतल्यावर प्रतिस्पर्ध्यांच्या अडीचशे धावा होईपर्यंत त्याला सीमारेषेवर उभेही करू नये. विसाव्या-पंचविसाव्या षटकात, फलंदाज अजून स्थिरावत असताना, स्लिप आणि शॉर्ट लेग असे जवळचे क्षेत्ररक्षक लावून त्याच्या हाती चेंडू द्यावा. त्याच्या षटकात दोन चौकार गेले तर जाऊ देत, क्षेत्ररक्षण पांगवू नये. सुरुवातीच्या सहा-सात षटकांत त्याने धावा दिल्या म्हणून पुढच्या कसोटीत त्याच्या जागी पुन्हा आठव्या क्रमांकाचा फलंदाज शोधू नये, एवढी निवड समितीला आपल्या दैनिकामार्फत विनंती.

आपला,
एक नियमित वाचक